गाडी नुसती ढकलायला लावणाऱ्या काकांना

काका,

मोटरसायकल घेऊन तीन महिने झाले. त्या दिवशी तुमच्यासमोर काही बोलताच आलं नाही, "बरं, येते" म्हणून निघाले. ते राहून गेलेलं आज लिहितेय.

तुमच्या गॅरेजात येण्याआधी मी दोन सल्ले पचवून बसले होते. पहिला शोरूममधला. "मॅडम, 400 सीसीचीच घ्या. लहान घेतलीत तर सहा महिन्यांत कंटाळाल." मी जन्मात कधी गिअर टाकलाय का, हे त्या गृहस्थाने विचारलंसुद्धा नाही. दुसरा मावसभावाचा. त्याने आपली 400 मोकळ्या मैदानात माझ्या हाती दिली आणि स्वतः फोन काढून शूटिंगला उभा राहिला. क्लच सुटला, गाडी उसळली, अंग मागे गेलं आणि त्या झटक्यात मनगटाने ॲक्सिलरेटर आणखीच पिळला. पुढचं सगळं त्या व्हिडिओत आहे आणि व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

मग मी कानाला खडा लावला. 100 सीसीच्या वर जायचंच नाही. तेच तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही त्यावर हो-नाही काहीच केलं नाहीत. रोजचा रस्ता कसला, चढ किती, मागे कोण बसणार, एवढं विचारलंत. मग कोपऱ्यातली एक 350 बाहेर काढलीत, किल्ली स्वतःच्या खिशात टाकलीत आणि म्हणालात, "ताई, चालवू नका. नुसती ढकला आणि वळवून परत आणा."

जवळजवळ 190 किलोचं ते धूड सरळ रेषेत गुमान चाललं. वळवायला गेले तशी ती पलीकडे कलली, आणि एका क्षणी कळलं, ही आता आपल्याने सावरत नाही. तेवढ्यात ती थांबली. वळून बघते तर मागच्या दांडीवर तुमचा एक हात, आणि तोंड मात्र रस्त्याकडे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. गॅरेजातल्या दोन्ही पोरांना तुम्ही आधीच काहीतरी शोधायला आत पिटाळलं होतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

सीसीचं गणितही तुम्हीच समजावलंत. पिस्टन वरखाली होताना मोकळी होणारी जागा म्हणजे सीसी. ताकद किती आणि ती कधी अंगावर येते, हे तो आकडा सांगत नाही. ताकद मोजतात ती बीएचपीत. ती 350 साधारण 20 बीएचपीची, आणि मला आपटणारी 400 त्याच्या दुप्पट. आणि माझ्या 100चं काय? आठेक बीएचपी. मागे आई, समोर चढ आणि पुढे ट्रक, म्हणजे तिचा जीव तिथेच मेटाकुटीला येणार. "घाबरून घेतलेली गाडीपण चुकीचीच," असं तुम्ही म्हणालात आणि 150च्या गाडीवर बसवलंत. वजन 140च्या आसपास, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. तुम्ही आधी माझ्या टाचा बघितल्यात, मग माझा चेहरा.

हे गणित मला दुसरीकडेही कळलं असतं म्हणा. तो हात कुठे मिळाला असता? दुसऱ्याची फजिती होताना मान वळवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आमच्या घरात तर कुणी पडलं की आधी हसतात, मग "लागलं का" विचारतात. तुम्हाला मात्र ना हसू आवरावं लागलं, ना धीर द्यावा लागला. मी पडतच नव्हते, असंच तुम्ही धरून चाललात. हो, आणि तुमच्याकडे विकायला एकही गाडी नव्हती, हेही शोरूमवाल्यांना कुणीतरी सांगा.

परवा आईला मागे बसवून तो चढ चढले. दुसऱ्या गिअरवर, न थांबता. आई वर पोचेपर्यंत स्तोत्र म्हणत होती, पण उतरल्यावर "उद्या परत जाऊ" म्हणाली.

उजवा आरसा मात्र अजून ढिलाच आहे. रविवारी येते.

तुमची,
150वाली ताई