डूबी ब्रदर्सला चार ओळींत निकालात काढू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन रॉक बँडवर लेख आलाय, त्यात डूबी ब्रदर्सबद्दल मोजून चार ओळी आहेत, आणि त्यांचा सूर असा की गिटारवाला भन्नाट बँड होता, मग गायक-कीबोर्डवादक मायकल मॅकडोनल्ड आला आणि खपासाठी सगळं गुळमुळीत करून टाकलं. हेच मत इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

पहिलं म्हणजे मॅकडोनल्डला कुणी बँडची स्टाइल बदलायला आणलंच नव्हतं. १९७५ मध्ये टूर सुरू असतानाच मुख्य गायक टॉम जॉन्स्टन अल्सरने आजारी पडला, तोही साधासुधा नाही, रक्तस्राव होणारा, आणि शो तर आधीच ठरलेले. गिटारिस्ट जेफ बॅक्स्टर आधी स्टीली डॅन या बँडमध्ये होता, तिथल्या ओळखीतून त्याने मॅकडोनल्डचं नाव सुचवलं. (हाच बॅक्स्टर पुढे अमेरिकन सरकारला क्षेपणास्त्र संरक्षणावर सल्ला द्यायला लागला, खरंच, पण तो वेगळा विषय.) थोडक्यात काय, अडलेली टूर पुढे रेटायला बोलावलेला माणूस तो. त्यात खपाचा हिशोब कुठून आला?

दुसरं, आणि हे मला जास्त खटकलं, की आधीचा बँड म्हणजे नुसती गिटार हे कुणी सांगितलं? १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये सुरुवात झाली, सांताक्रूझच्या डोंगरातल्या क्लबात बाइकवाल्यांसमोर वाजवायचे, त्यामुळे ती रांगडी इमेज चिकटली ती चिकटलीच. पण १९७३ चं ‘लाँग ट्रेन रनिन’ नीट ऐका, त्याचा पाया पक्का फंक आहे, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांचं ठेक्यावर नाचवणारं संगीत. मुळात तो स्टेजवर वाजवायचा जॅम होता, म्हणजे सुचेल तसं बिनशब्दांचं वाजवणं, प्रोड्यूसर टेड टेंपलमन मागे लागला म्हणून जॉन्स्टनने त्याला शब्द लिहिले. १९७४ च्या अल्बममध्ये मेंफिस हॉर्न्स आहेत, म्हणजे सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी) गाण्यांत वाजणारा ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा. त्याच अल्बममधलं ‘ब्लॅक वॉटर’ हे बँडचाच दुसरा गायक-गिटारिस्ट पॅट्रिक सिमन्सचं, मिसिसिपी नदीवरचं, त्यात व्हायोला आहे आणि शेवटी वाद्यं थांबून नुसते गळे उरतात. कंपनीने ते गाणं सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, व्हर्जिनियातल्या एका रेडिओ स्टेशनने ते उचललं आणि मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं! बँडचं पहिलं नंबर वन, आणि त्यात रॉक गिटार शोधावी लागते.

आणि ‘स्टँपीड’चं काय? १९७५ चाच अल्बम, मॅकडोनल्ड यायच्या आधी रेकॉर्ड झालेला, त्यात हे लोक मोटाउन या सोलवाल्या रेकॉर्ड कंपनीचं एक जुनं गाणं घेतात आणि जॉन्स्टन ते जीव तोडून गातो. सोलकडे वळणं आधीच सुरू होतं हो, मॅकडोनल्डने फक्त गिटारच्या जागी इलेक्ट्रिक पियानो पुढे आणला आणि कॉर्ड अवघड केल्या.

आता हेही कबूल की बदल मोठा होता. १९७६ चं ‘टेकिन इट टू द स्ट्रीट्स’ आणि त्याआधीचं ‘चायना ग्रोव्ह’ ही गाणी पाठोपाठ लावली तर बँड एकच आहे हे नवख्याला पटणार नाही. जॉन्स्टनची लिहिलेली गाणी पुढे बाजूला पडली आणि १९७७ मध्ये तो बाहेर पडला, हे वाईटच झालं, आणि १९८० चा ‘वन स्टेप क्लोजर’ मलाही फिका वाटतो. पण १९७८ च्या ‘मिनिट बाय मिनिट’ अल्बमला गुळमुळीत म्हणू नका प्लीज. त्यातलं ‘व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज’ मॅकडोनल्ड आणि गायक केनी लॉगिन्सने मिळून लिहिलं, १९७९ मध्ये एक नंबर, पुढच्या वर्षी ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयर आणि साँग ऑफ द इयर दोन्ही. ऐकायला हलकंफुलकं वाटतं, पण पियानोवर वाजवून बघा म्हणजे बोटं कुठे कुठे अडकतात ते कळेल. आणि त्याच अल्बममध्ये सिमन्सचा ब्लूग्रास (बँजो-फिडलवालं अमेरिकन लोकसंगीत) वळणाचा, बिनशब्दांचा एक तुकडाही आहे. सिमन्स सुरुवातीपासून प्रत्येक अल्बमवर आहे, तुमच्या लेखात मात्र त्याचं नावच नाही.

लेखात बँड १९८२ मध्ये संपला असंही आहे. फेअरवेल टूर झाली हे बरोबर, पण १९८७ मध्ये व्हिएतनाम युद्धात लढलेल्या माजी सैनिकांच्या मदतीसाठी हे लोक परत एकत्र आले, १९८९ मध्ये जॉन्स्टनला घेऊन नवा अल्बम, २०२० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, आणि २०२५ च्या ‘वॉक धिस रोड’ अल्बमवर जॉन्स्टन, सिमन्स, मॅकडोनल्ड तिघंही आहेत. एवढी दुरुस्ती तरी छापाच.

आपला,
एक नेहमीचा वाचक