नानांचा पटका पाठवतेय, पण आधी हे वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी दुकानात टोपांना कंगवा करत बसले होते. क्रांतिसिंह नाना पाटलांचा फुल ड्रेस पाठव, पंधरा ऑगस्टला आमच्या मराठी मंडळात मी नाना होणार आहे, एवढं दोन ओळीत लिहून मोकळा झालास आणि खाली तो विल्यम्सबर्गचा व्हिडिओ, जुन्या काळातली माणसं होऊन लोकांशी बोलतात तो. पप्पा म्हणले बघ, शेवटी ड्रेपरीवाल्याचंच, नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याचंच पोरगं, अमेरिकेत रिचमंडला जाऊन पण कपडे भाड्यानंच मागतंय. डिपॉझिट घेणार नाही म्हणले, पण वेळेत परत आलं पाहिजे, इकडं गणपतीत लागतंय.

व्हिडिओ मी चार वेळा बघितला. पहिल्यांदा नुसते कपडेच बघितले हे कबूल करते. तो जेफरसन, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, तो झालेला माणूस, त्याच्या कोटाची बटणाची काजं हातानं केलेली दिसतायत रे! तू म्हणलास त्या विल्यम्सबर्गमध्ये शिंपी, टोपवाले सगळे तिथंच दुकान मांडून लोकांसमोर जुन्या पद्धतीनं काम करतात, टोपाला माणसाचे, घोड्याचे, बकरीचे, याकचे केस वापरतात. आपण इथं नायलॉनचा टोप तीन वर्षं चालवतो आणि वर म्हणतो गिऱ्हाईक भाडं वाढवून देत नाही. आणि वॉशिंग्टन टोप घालतच नव्हता, स्वतःचेच केस मागं बांधून पावडर लावायचा, हे तू सांगितलंस तेव्हा मला लय हसू आलं, म्हणजे जगभरच्या ड्रेपरीवाल्यांनी त्या माणसाला फुकटच टोप घातला की.

पण मग दुसऱ्यांदा आवाज मोठा करून ऐकला. तू मधे मधे मराठीत सांगतोयस म्हणून कळलं. ती शाळेतली मुलगी उठून विचारते, सगळी माणसं समान असं तुम्ही लिहिलंत, मग तुमच्या घरात गुलाम कसे? आणि तो माणूस हातातली काठी खाली ठेवतो, जरा थांबतो, आणि जेफरसन म्हणूनच उत्तर देतो, म्हणजे 'मी एक कलाकार आहे, मला माहीत नाही' असं म्हणून पळ काढत नाही. तेहेतीस वर्षांच्या माणसानं १७७६ साली ते लिहिलं आणि जन्मभरात सहाशेच्या वर माणसं मालकीची ठेवली, यातलं काहीच तो झाकत नाही, स्वतःची बाजू पण मांडतो आणि ती बाजू किती लंगडी आहे ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. यंदा त्यांच्या त्या जाहीरनाम्याला २५० वर्षं झाली म्हणे, तरी अजून त्या एका ओळीवरनं त्याला उभं राहून जाब द्यावा लागतोय. मला तो माणूस आवडला बाबा.

आणि तू ते दुसरं सांगितलंस ते तर रात्रभर डोक्यातनं जाईना. त्याच गावात १९९४ साली गुलामांचा लिलाव करून दाखवला, बाहेर लोकांनी निदर्शनं केली, आमच्या वाडवडलांच्या दुःखाचा तमाशा करू नका म्हणून, आणि जे लिलावात उभे राहिले त्यात त्या विभागाची प्रमुख असलेली काळी बाई स्वतः होती. आपलेच पूर्वज विकले गेले आणि आपणच त्यांचे कपडे घालून उभं राहायचं. मी तीस वर्षं लोकांना कपडे घालतेय, पण असं काही घालायला मला कुणी सांगितलं असतं तर माझे हात थरथरले असते.

आता आपल्याकडचं बघ. तुला माहिताय आपलं कॅलेंडर कसं चालतं, तीन जानेवारीला सावित्रीबाई, कपाळावर आडवी चिरी आणि छोट्या नऊवारी, बारा तारखेला जिजाऊ, मग सव्वीस जानेवारी, एकोणीस फेब्रुवारीला महाराज आणि मावळे, पंधरा ऑगस्टला सगळे नेहरू-गांधी एकदम, आणि गणपतीत जिवंत देखावे. सावित्रीबाई आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या, नायगावच्या, त्यामुळे शाळाशाळांतनं गर्दी, दोन तारखेला रात्री अकरापर्यंत साड्यांना टाके घालत बसते मी. पण यातलं एक पोरगं तरी आजवर बोललंय का? देखाव्यात तर सगळा ट्रॅकच असतो. स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करून आणायचा, मागं ढणाढणा म्युझिक, आणि पोरांनी नुसते ओठ हलवायचे, हात वर करायचा, तलवार चमकवायची, शेवटी भारतमाता. आठ मिनिटात संपलं की पुढची गर्दी आत. कोण काय विचारणार आणि कुणाला विचारणार.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल, एका मंडळानं वसंतदादांची तुरुंगफोडी केली होती. सगळे कपडे आपले. २४ जुलै १९४३, तो आपला गणेशदुर्गातला तुरुंग, तटावरनं उड्या, कृष्णेला पूर, मागनं गोळीबार, अण्णासाहेब पत्रावळे त्यात गेले आणि दादांना गोळी लागली, सगळं झकास बसवलं होतं, फटाक्याच्या माळेनं गोळीबार. आणि ऐन गोळी लागायच्या टायमाला लाईट गेली! ट्रॅक बंद. मंडपात अंधार, कुणीतरी बॅटरी लावली, दादा झालेलं पोरगं खांद्याला हात लावून तसंच उभं. पुढं एक म्हातारी बसली होती, तिनं मोठ्यानं विचारलं, अरं बाळा, गोळी लागल्यावर तुला उचलून कुणी नेलं? पोरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणलं, आज्जी, लाईट आल्यावर सांगतो. अख्खा मंडप हसला, मी पण हसले, पण घरी येताना आयर्विन पुलावर पप्पा म्हणले की पोराची चूक नाही, आपणच त्याला दादांचं शर्ट दिलं आणि दादा दिले नाहीत. पप्पा असं कधीतरी बोलतात, एरवी हिशोबाशिवाय काही नाही.

आणि हे सांगलीत व्हावं याचं जास्त वाईट वाटतं बघ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीतास्वयंवर केलं, त्यावरनं पाच नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन करतो, आपण पण हार घालतो. त्या वेळी सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं भाषण जागच्या जागी स्वतःच्या तोंडानं करायची, लिहून दिलेलं नसायचं. म्हणजे ज्या गावात १८४३ ला नट आपल्या मनानं बोलत होता तिथं आज दादा लाईटची वाट बघत उभे! असो. मी पण त्याच धंद्यावर जगते, जास्त बोलायला नको.

तर तुझ्या नानांकडं येते. कपडे सोपे आहेत. धोतर, सदरा, पटका, कांबळं, कोल्हापुरी वहाणा. मिशी मी नवीन करतेय, भरघोस, जुनी २०१९ च्या पुरात गेली. त्या पुरात काय काय गेलं आठवतंय ना, मखमल सगळी सडली, पण हा पटका माळ्यावर होता म्हणून वाचला. तो पाठवतेय, धुवू नको, आतनं कापड घालून बांध.

आता तू म्हणतोस की भाषण नाही करणार, त्या जेफरसनसारखं समोर बसून लोकांच्या प्रश्नांना नाना म्हणून उत्तरं देणार. कल्पना लई भारी आहे. पण मग तुला हजार गोष्टी आल्या पाहिजेत. नुसतं १९४२ ला चले जाव आणि मग प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून गावोगाव चालवलेला आपला कारभार, एवढ्यावर भागणार नाही. वडूजच्या कचेरीवर नऊ सप्टेंबरला मोर्चा गेला तेव्हा नऊ माणसं पडली, ते सांगता आलं पाहिजे. प्रतिसरकारची तुफान सेना, तिचे जी. डी. बापू लाड, शेणोलीला पगाराची गाडी लुटली ती सात जून १९४३, पैसे कशाला लागत होते ते पण. गावोगाव न्यायनिवाडे, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं लावली ती, गांधी विवाह म्हणायचे त्याला. चार वर्षं माणूस भूमिगत आणि सातारा जिल्हा म्हणजे तेव्हा आपल्या आत्ताच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पण त्यातच. नंतर खासदार झाले, १९५७ ला साताऱ्यातनं आणि १९६७ ला थेट बीडमधनं, कम्युनिस्ट पक्षाकडनं. हे शेवटचं कुणीतरी हमखास विचारेल, तेव्हा आवंढा गिळू नको.

आणि कुणीतरी विचारेल की बायका कुठं होत्या. आपल्या दुकानात देखाव्याची यादी येते तेव्हा नाना असतात, बापू असतात, दादा असतात, गोरा साहेब असतो, बाई म्हणजे शेवटची भारतमाता फक्त. मला याचा राग आहे आणि तू नाना होणार असशील तर नानांच्या लेकीचं सांगितल्याशिवाय स्टेजवरनं उतरू नको. हौसाताई. विट्याला राहायच्या, २०२१ ला गेल्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी नाटक केलं होतं रे, खरंखुरं नाटक! सोबतचा कार्यकर्ता खोटा नवरा झाला, रस्त्यातच मारहाण सुरू, ह्या ओरडतायत, त्यानं तर मोठा दगड उचलला, आता हिचं डोकं फोडतो म्हणून. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. आणि पुढं म्हातारपणी हे सांगताना त्यांची तक्रार काय, तर त्यानं खरंच लागेल असं मारलं! खरं वाटायला पाहिजे म्हणून. बघ म्हणजे आपल्या जिल्ह्यात स्वातंत्र्याच्या लढाईत सोंग काढलं ते पण विनाट्रॅक, आणि प्रेक्षक म्हणून पोलीस. हा देखावा करा म्हणून मी दोन मंडळांना सांगितलं, म्हणले काकू, बाईला मारताना दाखवलं तर लोक काय म्हणतील. मग गप्प बसले.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुला कुणीतरी पत्रीबद्दल विचारणार. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार का म्हणायचे, तर गुंड, सावकार, पोलिसांचे खबरे यांना पकडून तळपायावर मारायचे, जनावराच्या खुराला पत्री, म्हणजे नाल ठोकतात तशी. तू म्हणशील, बरोबरच केलं. मी पण तसंच म्हणत आले. पण तुला आजवर सांगितलं नाही, माझ्या माहेरच्या आज्ज्याचा थोरला भाऊ एका सावकाराची वसुली करायचा आणि त्याला पत्री बसली होती. मी लहान असताना तो म्हातारा ओसरीवर बसलेला असायचा, चालताना पाय आत वळायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचं वयामुळं. त्याच घरातनं माझी आज्जी रात्री भूमिगतांना भाकरी बांधून द्यायची. त्याच चुलीवरची भाकरी, दीर ओसरीवर कण्हतोय आणि ही मागच्या दारानं भाकरी देतेय. तो वसुलीत लोकांना नाडत होता का? होता म्हणे, आज्जी स्वतः म्हणायची, लोकांची भांडी उचलून आणायचा. मग मारलं ते बरोबर का? आज्जीला मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, पाय शेकायला मीच होते, आणि गप्प बसली, परत विषय नाही.

घरात यावर कधी कुणी बोललं नाही. फोटो नानांचाच होता भिंतीवर, म्हाताऱ्यानं पण कधी काढा म्हणलं नाही.

तो व्हिडिओ बघितला आणि त्या मुलीच्या प्रश्नावर तो माणूस थांबला तेव्हा मला एकदम ती ओसरी आठवली. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, नाहीतर कुरियरची पावती टाकून गप्प बसले असते. नाना थोर होते यात शंका नाही, जेफरसनची आणि त्यांची तुलना पण नको, एकानं माणसं विकत ठेवली आणि एकानं सावकाराच्या दारातनं माणसं सोडवली, पण अंगावर कपडे चढवून बसलास की समोरच्या खुर्चीत कुणाचा तरी आज्ज्याचा भाऊ असू शकतो एवढं डोक्यात ठेव.

पार्सल इथनं तुमच्याकडं निघालेल्या एकांच्या बॅगेत देतेय, पप्पांनी यादी करून आत ठेवलीय, वस्तू मोजून घे. मिशीला स्पिरिट गम लावायच्या आधी वरचा ओठ कोरडा पूस, तिकडं ऑगस्टमध्ये घाम येतो म्हणलास, घामात मिशी सुटते आणि नाना एका बाजूनं हसायला लागतात. कांबळं फक्त सुरुवातीला खांद्यावर ठेव, नंतर काढलं तरी चालेल.

आणि रविवारी तुझ्या सकाळी व्हिडिओ कॉल कर. पटका बांधून बस. पप्पा लाईट घालवणार आहेत आणि मी त्या म्हातारीसारखी पुढं बसून विचारणार आहे, नाना, माझ्या आज्ज्याच्या भावाला का मारलंसा? काय सांगशील ते आत्ता लिहू नको, तेव्हाच सांग.

तुझी आई