तीन फुटांचा पट

बंड्या,

तुझे दोन मेसेज तसेच पडलेत, पाच महिने झाले, रागावू नकोस. आम्ही सगळे ठीक, हिची पाठ बरी आहे. आज लिहायला बसलो कारण रविवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

येरवड्याला गोल्फच्या 18व्या, शेवटच्या होलवर तीन फुटांचा पट होता रे, चेंडू जमिनीवरून हलकेच होलमध्ये ढकलायचा, एवढंच. सरळ, थोडासा चढाचा. आत गेला असता तर मी आणि भाऊसाहेब जिंकत होतो. पटर मागे नेला आणि पुढे आणताना उजव्या मनगटाला झटका बसला, मी दिला नाही बंड्या, तो आपोआप बसला, आणि चेंडू डाव्या कडेवरून निघून गेला. वरून तेवढ्यात लोहगावला उतरणारं विमान गेलं, म्हणून सगळ्यांना वाटलं आवाजाने झालं. भाऊसाहेब पण तेच म्हणाले, पाठ थोपटली, आणि मी गप्प बसलो.

पण हे जूनपासून चालू आहे. यिप्स म्हणतात तेच, छोट्या पटला हात आपोआप झटका देतात. 25 फुटांवरून मारला तर होलजवळ मस्त थांबतो, तिथे हात मोकळे असतात, पण तीन फुटांवर आलो की छातीत धडधड. आणि आता ते चिपमध्ये, ग्रीनच्या बाहेरून चेंडू थोडा उचलून होलकडे मारतो त्यात पण शिरलंय. तात्या सांगायचे ना, आठ नंबरच्या क्लबने चेंडू लवकर टेकव आणि घरंगळू दे, तर आता चिप मारतानाच डोक्यात असतं की फुटाच्या आत थांबायला हवा, नाहीतर परत तो पट. मग मनगटं आखडतात आणि क्लब चेंडूच्या आधी मातीत.

तात्यांवरून आठवलं, कावळ्याने तुझा चेंडू ग्रीनवरून पळवला तेव्हा तू नियम सांगून पेनल्टीशिवाय परत जागेवर ठेवलास आणि तात्या म्हणाले, कावळ्याचं पण कार्ड भरा! परवा एकटाच हसलो.

आणि आपलं ते भांडण. तू म्हणालास डावा हात खाली धरून बघ, आणि मी सगळ्यांसमोर तुला नको ते बोललो, दोन महिने अबोला. चूक माझी होती. तूच त्या जर्मन गोल्फर बर्नहार्ड लांगरचं सांगत होतास, 1991 च्या रायडर कपमध्ये, युरोप-अमेरिका सामन्यात, सहा फुटांचा पट चुकला तरी 1993 ला मास्टर्स जिंकला, आणि यिप्ससाठी त्याने पकड बदलली होती. मी ऐकलंच नाही.

आता रोज रात्री जेवण झाल्यावर हॉलमध्ये सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून मारतो, डावा हात खाली धरून. होल 4.25 इंचाचं, पेल्याचं तोंड तीनचंच, तरी टण् टण् एकामागून एक आत जातात. चेंडूकडे न बघता पेल्याकडे बघत मारलं तर झटका येतच नाही. नजर चेंडूवर आली की मनगट जागं होतं.

तुझ्याकडचं काय, नाशिकचं घर झालं का, लेकीची अ‍ॅडमिशन? काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं कळव.

आणि एक काम कर ना. तुझ्या हातांचा व्हिडिओ पाठव, बाजूने काढ, चेहरा नको, फक्त पकड आणि डावं मनगट दिसू दे, तीन फुटांवरून दहा वेळा पट मार. पुढच्या रविवारी परत भाऊसाहेबांबरोबर आहे, त्याआधी हवाय.

तुझा,
नान्या