पिवळ्या पाटीच्या गाडीच्या पार्किंगबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, धायरी, पुणे

विषय : 'व्यावसायिक वाहने आवारात लावू नयेत' या नोटिशीबाबत

महोदय,

लिफ्टशेजारी लावलेली नोटीस वाचली. आवारात पिवळ्या पाटीची गाडी एकच आहे आणि ती माझी आहे, त्यामुळे नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

माझा फुलांच्या सजावटीचा व्यवसाय आहे. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून झेंडू-शेवंतीची पोती आणायची, दुपारी मंगल कार्यालयात कमानीचे पाइप पोचवायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीतून मुलीला क्लासहून घरी आणायचं. घरात दुसरी चारचाकी नाही.

नोटिशीत 'मोठ्या वाहनांमुळे अडथळा' असं म्हटलंय, म्हणून मापंच सांगतो. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ३.८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. समोरच्या स्लॉटमधली नवी स्विफ्ट लांबीला त्याहून सहा सेंटिमीटर जास्त आणि रुंदीला जवळपास पाऊण फूट जास्त भरते. आपला स्लॉट ५ मीटरचा. उद्या एखाद्या सभासदाने टोयोटा हायलक्स आणली, तर तोही पिकअपच, पण पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीवर मिळतो. त्याची लांबी ५.३ मीटरच्या पुढे. नोटिशीप्रमाणे तो आत येणार, पाठ एक फूट रस्त्यावर काढून उभा राहणार, आणि माझी गाडी मात्र गेटबाहेर नाल्याच्या कडेला. जागा मोजायची की पाटीचा रंग बघायचा, हे समितीने एकदा ठरवावं.

मागच्या बैठकीत 'परमिट आहे का, टेम्पोचं लायसन्स आहे का' असंही विचारलं गेलं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. माझी भरल्यावरही त्याच्या बरीच खाली राहते. लायसन्सचं म्हणाल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फिटनेस आणि विमा चालू आहेत, प्रती सोबत जोडल्या आहेत.

पहाटेच्या आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडते हे मला कळतं. गाडीच्या मागच्या फाळक्याच्या साखळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, कड्यांनाही रबर लावलं आहे; आता तो आपटला तरी खणखणत नाही. रिकामे क्रेट आवारात न उतरवता गोडाउनलाच सोडतो. फुलांचा कचरा स्लॉटमध्ये दिसला तर खुशाल दंड लावा.

आणि एक सांगायचं म्हणजे, गणपतीची मूर्ती आणायला आणि गच्चीवरची फुटकी टाकी भंगारात टाकायला हीच गाडी लागते. तेव्हा पाटी कोणत्या रंगाची आहे हे कुणी विचारत नाही. भाडं मी घेतलं नाही, घेणारही नाही, पण हिशेबात तेवढं असू द्या.

उपविधींप्रमाणे पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभा ठरवते आणि गाडी असलेला सभासद एका स्लॉटला पात्र असतो. निर्बंध घालायचाच असेल तर लांबी, रुंदी आणि आवाज यांवर घाला, सगळ्या गाड्यांना सारखा. मी त्याच्या बाजूने हात वर करीन. विषय सभेपुढे येईपर्यंत नोटीस मागे घ्यावी आणि वॉचमनला माझी गाडी न अडवण्याची लेखी सूचना द्यावी, ही विनंती. पावसाळ्यात बाहेर उभी केली तर ताडपत्रीखालचं सामान रात्रीत जाईल, त्याची भरपाई कोण देणार?

रविवारी सकाळी दहानंतर मी घरी आहे. टेप माझ्याकडे आहे, समितीतल्या दोघांनी खाली यावं.

आपला,
सभासद, बी-३०४