घाटातला तांबडा पट्टा सरसकट सिमेंटखाली घालू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात दरडींच्या बातम्या सुरू झाल्या की ‘सह्याद्री ज्वालामुखीच्या उद्रेकातून उभा राहिला’ हे वाक्यही हटकून छापून येते. त्यामुळे लोक प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर ज्वालामुखीचे तोंड शोधत बसतात. ते तिथे नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वर आला आणि आडवा पसरला. असे थरावर थर साचत गेले. आजही दख्खनच्या या बेसाल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाने, सुमारे 5 लाख चौ. किमी प्रदेश व्यापला आहे. कडे, सुळके आणि दऱ्या नंतरच्या लाखो वर्षांच्या धुपेने कोरल्या. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून भिंतीसारख्या सरळ धावणाऱ्या काळ्या टेकड्या दिसतात, त्या मात्र भेगांतच गोठलेल्या लाव्हाच्या आहेत.

हे सारे घाटरस्त्याच्या कापात उघडे दिसते. एका थराचा मधला भाग घट्ट, काळा आणि उभ्या सांध्यांनी चिरलेला असतो. वायूचे बुडबुडे वर चढत असल्याने माथ्याकडचा भाग सच्छिद्र राहतो. पुढे या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे दाणे भरतात, तो विहीर खणणाऱ्यांचा मांजऱ्या खडक. त्यावर अनेक ठिकाणी वीतभर ते पुरुषभर जाडीचा तांबडा पट्टा येतो आणि मग पुढचा काळा थर. दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत खडक कुजून, राख-माती साचून हा पट्टा तयार झाला. म्हणजे तो जितका ठळक, तितकी ती उसंत बहुधा मोठी.

दरडीचे मूळही बऱ्याचदा इथेच असते. वरच्या कातळातले पाणी सांध्यांतून उतरते, तांबड्या चिकणमातीवर अडते आणि आडवे बाहेर पडते. मऊ पट्टा झिजून आत जातो, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि उभ्या सांध्यावर सुटतो. यावर सध्याचा आवडता उपाय म्हणजे कापावर सरसकट सिमेंट फवारणे. पण पाण्याला वाट न ठेवता फवारलेले सिमेंट मागच्या दाबाने फुगते आणि पापुद्र्यासारखे सुटते. निचऱ्याची भोके तांबड्या पट्ट्याच्या लगेच वर, मांजऱ्या खडकातल्या ओलीच्या रेषेवर हवीत आणि त्यांचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. समान अंतराचा आराखडा कागदावर छान दिसतो. पाणी मात्र तो पाहून वाहत नाही.

दुसरी बाजू कालमापनाची. खडकाचे वय काढायला झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक उपयोगी पडतात, पण बेसाल्टमध्ये ते जवळपास नसतात. या तांबड्या थरांपैकी काहींत मात्र राखेबरोबर आलेले, केसाच्या जाडीचे झिर्कॉन मिळतात. माती धुवायची, जड कण वेगळे काढायचे, चुंबकाने लोहखनिज बाजूला करायचे आणि उरलेले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचे. मग त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय निघते. खडकात साचलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढणाऱ्या आर्गॉन पद्धतीला बेसाल्टमधले फेल्डस्पार हे खनिज चालते, पण खडक ताजा हवा. कुजलेल्या नमुन्यातून आर्गॉन निसटलेला असतो, त्यामुळे वय खरे असते त्यापेक्षा कमी येते.

2019 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि बर्कली विद्यापीठांच्या गटांनी या दोन पद्धतींनी सह्याद्रीतल्या थरांची वये एकाच वेळी प्रसिद्ध केली. बहुतेक लाव्हा 10 लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, यावर दोघांचे एकमत आहे. डायनासोरांच्या विनाशाची वेळ यातल्या नेमक्या कोणत्या थराशी येते, यावर मात्र नाही. एका गटाच्या मते मोठा उद्रेक विनाशाच्या हजारो वर्षे आधीच सुरू झाला; दुसऱ्याच्या मते निम्म्याहून बराच अधिक लाव्हा विनाशानंतर आला. हा वाद मिटवायचा तर आणखी थर तपासावे लागतील, आणि ते उघडे सापडायचे ठिकाण म्हणजे बहुतांशी घाटरस्ते. आंबेनळी, भीमाशंकर, खंडाळा ही थरांच्या गटांची जगभर वापरली जाणारी नावे आपल्याच घाट-डोंगरांवरून पडली आहेत.

जीव वाचवणारे काम थांबवा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र रुंदीकरणाच्या निविदेत चार गोष्टी घालाव्यात. जिथे धोका कमी आहे तिथे सिमेंटऐवजी बोल्ट आणि पोलादी जाळी वापरावी, म्हणजे खडक दिसत राहतो. प्रत्येक घाटात किमान एक काप, सुमारे 3 मीटर रुंद, तळापासून माथ्यापर्यंत उघडा ठेवावा. जे झाकायचेच आहे तिथे आधी प्रत्येक तांबड्या पट्ट्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, जाडी, अक्षांश-रेखांश आणि मोजपट्टीसह छायाचित्र नोंदवावे. आणि प्रत्येक पट्ट्याची 5 किलो माती, तसेच वरच्या-खालच्या थरांतला न कुजलेला खडक, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात चिठ्ठी लावून जमा करावा. पिशवीवर वरची बाजू कोणती, हे लिहायला विसरू नये.

आपला,
भूशास्त्राचा एक अभ्यासक, सातारा