आवाहन : पेजेच्या पातेल्यासाठी आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी

स. न. वि. वि.

लालबागेत आपल्या मंडळाची ओळख करून द्यायला नको. १९८२ च्या संपात घरोघरच्या चुली विझल्या तेव्हा पीठ-तांदूळ मागून पहिलं पातेलं चढवलं ते आपल्याच पोरांनी. ती पोरं आता आजोबा झाली. तेच पातेलं हल्ली परळला टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटसाठी चढतं. पहाटे पाचला नाचणीचं सत्त्व ढवळणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघाभर पाण्यातून किटली घेऊन गेल्या होत्या, ते विसरता येत नाही. गिरणी सुटल्यावरही दर एक तारखेला पावती फाडणारे मास्तर, तांदळाचे पैसे कधी न घेणारे नाक्यावरचे वाणी शेठ, लग्नाचा आहेर तसाच्या तसा पेटीत टाकणारं ते जोडपं (नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही) यांच्या जिवावर हे चाललं आहे.

यंदा लिहायचं कारण आपले लेझीमवाले दादा. वर्षानुवर्षं छातीत जळजळ, रात्री घशाशी आंबट, आणि औषध एकच : टपरीवरची पित्ताची पुडी. आपणही हसायचो. घास अडकू लागला तेव्हा दुर्बीण टाकली, तर गाठ. पहिल्या चिमटीभर तुकड्यात कॅन्सरची एकच जात दिसली. पुन्हा तपासल्यावर कळलं की एकाच गाठीत दोन आहेत, एक ग्रंथींची आणि दुसरी न्यूरोएंडोक्राइन (म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची). डॉक्टरांनी समजावलं ते असं : पोटातलं आम्ल सतत वर येऊन अन्ननलिकेचं अस्तर भाजतं आणि काहींच्यात त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. नॉर्मन बॅरेट या सर्जननी १९५० मध्ये यावर लिहिलं, म्हणून या बदलाला त्यांचं नाव पडलं. त्यातून पुढे कॅन्सर झालाच तर तो बहुधा ग्रंथींचा असतो. अशी मिश्र गाठ फार क्वचित. दोन्ही जातींचा वाटा निदान ३० टक्के असेल तरच तिला मिश्र म्हणतात. एका जातीला लागू पडणारं औषध दुसरीला पुरेसं पडेलच असं नाही, त्यामुळे उपचार ठरवणं अवघड. ज्या पातेल्याला दादांनी इतकी वर्षं पळी लावली, त्यातलीच पेज शेवटी दोनदा गाळून त्यांच्या नळीतून गेली.

घाबरवायचं नाही. जळजळ होणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, आणि आपल्याकडे अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त करून तंबाखूवाल्या जातीचा. पण घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर पुडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पन्नाशी उलटलेल्या, बरीच वर्षं जळजळ असलेल्या आणि विडी ओढणाऱ्या पुरुषांनी तर विचारून घ्यावंच.

हेच सांगायला गेल्या वर्षी डॉक्टर बोलावले होते. सतरंज्या आम्ही अंथरल्या आणि आम्हीच गुंडाळल्या. ऐकायला आले ते बहुतेक कार्यकारिणीचेच. विसर्जनाच्या बँजोची वर्गणी मात्र चार दिवसांत जमली. बँजोला विरोध नाही, दादाही त्यापुढे नाचायचे. पण वाईट वाटलं, ते लिहितो.

हवं ते असं : मोठा मिक्सर (जुन्याची मोटर जळाली, नळीची पेज बारीक नसेल तर नळी तुंबते), बारीक गाळण्या, नाचणी, मूगडाळ, तपासणीला जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजासाठी आणि फीसाठी निधी, पहाटेला दोन माणसं, मंगळवार-शुक्रवार. रोख किंवा चेक खजिनदारांकडे, रात्री आठनंतर, तळमजला, पावती घ्याच. धान्य काकूंकडे, दुपारी नको, झोपतात.

आपला,
चिटणीस

ता. क. : मंडळाचे दोन थर्मास दिवाळीपासून कुणाच्या तरी घरी आहेत. कोण ते विचारणार नाही, जिन्यात ठेवून गेलात तरी चालेल.