बाटलीवरच्या 'ह्युमन' या शब्दामागचा माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला गेली बरीच वर्षं इन्सुलिन चालू आहे, सकाळ-संध्याकाळ मीच देते. फ्रिजमधली बाटली काढायची, दोन तळहातांत धरून हळूहळू फिरवायची, जोरात हलवायची नाही कारण फेस येतो आणि डोस चुकतो, मग सिरिंज. त्या बाटलीवर 'ह्युमन' असा शब्द छापलाय आणि खरं सांगते, इतकी वर्षं तो रोज डोळ्यांसमोर असून तिथे का आहे हे कधी मनातच आलं नाही. एकदा सहज शोधायला बसले आणि डेव्हिडसन निकोल या शास्त्रज्ञाचं नाव सापडलं, मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतच सुटले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, पेपरात मधुमेहावर मजकूर येतो, इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंग यांचा तो जन्मदिवस म्हणून त्यांच्यावर येतो, त्यांचे सहकारी बेस्ट यांच्यावर येतो, पण निकोल यांचं नाव मी अजून कुठल्याच मराठी पेपरात वाचलेलं नाही.

निकोल यांचा जन्म १९२४ चा, फ्रीटाउनचा. पश्चिम आफ्रिकेतलं हे सिएरा लिओनचं शहर, आणि तो देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. केंब्रिजला नॅचरल सायन्सेसमध्ये फर्स्ट क्लास ऑनर्स मिळवणारे ते पहिले आफ्रिकन, मग लंडनला डॉक्टरी, मग काही काळ नायजेरियात इबादानला शिकवलं आणि परत केंब्रिजला रिसर्चसाठी. १९५७ मध्ये ख्राइस्ट्स कॉलेजने त्यांना फेलो केलं.

आता त्या बाटलीकडे येते. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांच्या दोन माळा, एकीत २१ मणी, दुसरीत ३०. गायीच्या इन्सुलिनमधला मण्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. पण माणसाच्या इन्सुलिनचं काय, कारण तेव्हा पेशंटला टोचलं जायचं ते गायीचं नाहीतर डुकराचं, आणि ते परकं असल्यामुळे काहींना अॅलर्जी व्हायची, टोचलेल्या जागी खड्डे पडायचे. निकोल आणि त्यांचे सहकारी लेस्ली स्मिथ या दोघांनी मानवी इन्सुलिनचा क्रम लावला आणि १९६० मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला. डुकराच्या आणि आपल्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका मण्याचा, मोठ्या माळेतला अगदी शेवटचा तिसावा मणी. गायीच्यात तीन मण्यांचा. मला हे वाचून काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. पुढे १९८२ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आलं, एका पद्धतीत बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं आणि दुसरीत डुकराच्या इन्सुलिनमधला तोच एक मणी बदलून. क्रमच माहीत नसता तर यातलं काय करता आलं असतं?

आणि हा माणूस त्याच १९६० साली लॅब सोडून घरी परत गेला. फ्रीटाउनच्या फुरा बे कॉलेजचा प्राचार्य म्हणून. हे कॉलेज १८२७ चं, पण प्राचार्याच्या खुर्चीत सिएरा लिओनचा माणूस बसला तो पहिल्यांदाच. वर्षभरात, २७ एप्रिल १९६१ ला देश स्वतंत्र झाला. १९६८ पर्यंत ते तिथे होते, मग १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशाचे कायम प्रतिनिधी. १९७० आणि ७१ ला सिएरा लिओन सुरक्षा परिषदेवर होतं, तिथलं अध्यक्षपद महिन्यामहिन्याने फिरतं, ते निकोल यांच्याकडेही आलं. मग लंडनला हाय कमिशनर आणि १९७२ पासून दहा वर्षं युनिटार या संयुक्त राष्ट्रांच्या प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख. मधल्या काळात कथा-कवितासुद्धा लिहिल्या.

हे सगळं मी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितलं तर ते पटकन म्हणाले, अरेरे, वाया गेला की माणूस, रिसर्च सोडायला नको होता. मला ते अजिबात पटलं नाही. नुकत्या स्वतंत्र झालेल्या देशाला शिक्षक, अधिकारी, डॉक्टर लागणार, ते घडवायचे कुणी? आणि युनिटारचं काम तरी काय, तर देशोदेशीच्या डिप्लोमॅट्सना ट्रेनिंग द्यायचं, त्यातले कितीतरी अशाच नव्या देशांमधून आलेले, म्हणजे फुरा बेला जे करत होते तेच न्यूयॉर्कला बसून केलं. काम मुळात मास्तरचंच होतं, फक्त वर्ग मोठा झाला. लॅबमधला माणूस वाया गेला म्हणताना आपण असं धरून चालतो की विद्वान माणसावर हक्क फक्त त्याच्या विषयाचा, त्याच्या लोकांचा काहीच नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त शिकलेत, तरी मला वाटतं इथे ते चुकतात.

निकोल १९९४ मध्ये केंब्रिजला वारले. तर माझी विनंती एवढीच की येत्या १४ नोव्हेंबरला मधुमेहाच्या पानावर एक चौकट त्यांच्यासाठी ठेवा, फार मोठी नको, पण तो तिसावा मणी त्यात चित्र काढून दाखवा म्हणजे आईलाही समजावून सांगता येईल. आणि लेस्ली स्मिथ यांचं नाव गाळू नका, काम दोघांचं होतं.

आपली,
एक नियमित वाचक